रायनची शाळा

२६ ऑगस्ट १९८५. अमेरिकेतील इंडियाना राज्यात रसियाव्हिल नावाचे एक लहान गाव आहे. तेथील वेस्टर्न माध्यमिक शाळेचे नवे वर्ष त्या दिवशी सुरू झाले. सातवीच्या वर्गात मुले येऊन बसली, शिक्षकांनी हजेरी घेतली आणि शिकवण्यास आरंभ केला. त्याच वर्गातील एक विद्यार्थी मात्र जवळच्याच कोकोमो शहरात, आपल्या घरी, टेलिफोन कानाला लावून बसला होता. वर्गात चाललेला धडा त्याला टेलिफोनच्या तारेतून ऐकावा लागत होता. आवाज अनेकदा अस्पष्ट येई. फळ्यावर काय लिहिले आहे ते त्याला दिसत नसे. वर्गात मुले कशाला हसली तेही कळत नसे. त्याने कोणताही अपराध केला नव्हता. तो अभ्यासात मागे नव्हता. त्याला एड्स झाला होता, एवढ्याच कारणासाठी शाळेने त्याला दार बंद केले होते. त्या मुलाचे नाव रायन व्हाईट.

रायनचा जन्म ६ डिसेंबर १९७१ रोजी कोकोमो येथे झाला. मोटारींसाठी लागणाऱ्या वस्तू तयार करणाऱ्या कारखान्यांचे हे शहर. रायनची आई जीन व्हाईट याही अशाच एका कारखान्यात काम करत असत. जन्मानंतर तीनच दिवसांनी डॉक्टरांच्या ध्यानात आले की, या बाळाला हिमोफिलिया हा आनुवंशिक विकार आहे. आपल्याला जखम झाली म्हणजे थोड्याच वेळात रक्त गोठते आणि रक्तस्राव थांबतो. रक्त गोठवण्याचे हे काम करणारे काही घटक रक्तातच असतात. हिमोफिलियाच्या रुग्णांत यांपैकी एक घटक पुरेसा नसतो. त्यामुळे किरकोळ मार लागला तरी रक्त थांबत नाही. सांध्यांमध्ये, स्नायूंमध्ये आतल्या आत रक्तस्राव होतो आणि असह्य वेदना होतात.

रायनच्या जन्माच्या सुमारास या विकारावर एक नवे औषध उपलब्ध झाले होते. दात्यांच्या रक्तद्रवातून रक्त गोठवणारा घटक वेगळा काढून त्याची भुकटी तयार केली जाई आणि ती पाण्यात विरघळवून रुग्णाच्या शिरेत टोचली जाई. या औषधामुळे हिमोफिलिया झालेल्या मुलांना प्रथमच इतर मुलांप्रमाणे हिंडता-फिरता येऊ लागले. रायनही या औषधाच्या आधाराने वाढला, शाळेत जाऊ लागला. त्याच्याहून दोन वर्षांनी लहान असलेली बहीण अँड्रिया, आई आणि रायन असे हे कुटुंब होते. आई-वडील विभक्त झाल्याने घराचा भार जीन यांच्यावरच होता.

परंतु ज्या औषधाने रायनला बालपण दिले, त्याच औषधातून एक नवे संकट त्याच्या शरीरात शिरले. हे औषध तयार करताना हजारो दात्यांचा रक्तद्रव एकत्र केला जात असे. त्यांपैकी एकाच्या रक्तात जरी एखादा विषाणू असला, तरी तो सगळ्या साठ्यात पसरे. इ.स. १९८० च्या आसपास अमेरिकेत एच.आय.व्ही. या विषाणूचा फैलाव होऊ लागला होता. पण त्याची कोणालाच कल्पना नव्हती. एड्स या रोगाची पहिली वैद्यकीय नोंद १९८१ साली झाली. विषाणूचा शोध त्यानंतर लागला, आणि रक्तातील संसर्ग ओळखणारी चाचणी तर १९८५ च्या मार्च महिन्यात वापरात आली. तोपर्यंत या औषधावर अवलंबून असलेल्या हिमोफिलियाच्या हजारो रुग्णांना त्याची बाधा होऊन गेली होती. रायन हा त्यांपैकीच एक होता.

डिसेंबर १९८४ मध्ये रायनला न्यूमोनिया झाला. त्याच्या फुप्फुसाचा काही भाग शस्त्रक्रियेने काढावा लागला. त्या वेळच्या तपासणीतून त्याला एड्स झाल्याचे निष्पन्न झाले. त्याने नुकतेच तेरावे वर्ष पूर्ण केले होते. एड्सवर तेव्हा कोणताही उपाय नव्हता. हा मुलगा फार तर सहा महिने जगेल, असे डॉक्टरांनी सांगितले.

एखाद्या कुटुंबावर यापेक्षा मोठा आघात कोणता असू शकेल? पण रायनने अंथरूण धरले नाही. १९८५ च्या वसंत ऋतूत त्याला बरे वाटू लागले. अंगात थोडी शक्ती येताच त्याने आईजवळ एकच हट्ट धरला. त्याला पुन्हा शाळेत जायचे होते. जितके दिवस हाती आहेत तितके दिवस इतर मुलांसारखे जगावे, मित्रांत बसावे, शिकावे, एवढीच त्याची इच्छा होती. आईने शाळेकडे परवानगी मागितली. शाळांच्या अधीक्षकांनी ती नाकारली.

या नकारामागे भीती होती, आणि तिला गावाचा पाठिंबा होता. वेस्टर्न शाळेत सुमारे ३६० विद्यार्थी होते. रायनला शाळेत घेऊ नये, अशा अर्जावर ११७ पालकांनी आणि ५० शिक्षकांनी सह्या केल्या. ही माणसे दुष्ट होती असे म्हणता येणार नाही. आपल्या मुलांच्या काळजीने ती व्याकूळ झाली होती. एड्स हा नवा आणि प्राणघातक रोग होता, आणि त्याविषयी वर्तमानपत्रांतून रोज नवनव्या भयंकर बातम्या येत होत्या. तथापि, एच.आय.व्ही. हा विषाणू हवेतून, पाण्यातून, स्पर्शातून, एकत्र जेवल्याने किंवा एका बाकावर बसल्याने पसरत नाही, हे डॉक्टरांना तोपर्यंत कळून चुकले होते. बाधित रक्त, असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित सुया आणि बाधित मातेकडून बाळाला, एवढेच त्याच्या प्रसाराचे मार्ग आहेत. रायनची आई आणि बहीण त्याच्याबरोबर एकाच घरात राहत होत्या, त्याची शुश्रूषा करत होत्या, आणि त्या दोघींना कोणतीही बाधा झालेली नव्हती. एवढा पुरावा डोळ्यांसमोर असूनही तो पाहण्यास लोक तयार नव्हते.

जीन यांनी न्यायासाठी धाव घेतली. प्रकरण या कार्यालयातून त्या कार्यालयात आणि या न्यायालयातून त्या न्यायालयात फिरू लागले. रायन घरी बसून टेलिफोनवर धडे ऐकत राहिला. नोव्हेंबर १९८५ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. पण शाळेने तो मान्य केला नाही. अखेर फेब्रुवारी १९८६ मध्ये जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी त्याला तपासून शाळेत जाण्यास योग्य ठरवले. २१ फेब्रुवारीला रायनने वर्गात पाऊल टाकले. त्या दिवशी १५१ मुले शाळेत आलीच नाहीत. दुपारी विरोधक पालकांनी न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला आणि अवघ्या एका दिवसात रायनची शाळा पुन्हा बंद झाली. हा खटला लढवण्यासाठी लागणारा पैसा उभा करण्याकरिता विरोधकांनी शाळेच्याच व्यायामशाळेत वस्तूंचा लिलाव केला. १० एप्रिल १९८६ रोजी न्यायालयाने मनाई उठवली आणि रायन कायमचा वर्गात परतला. काही पालकांनी तेव्हा आपली मुले काढून घेतली आणि त्यांच्यासाठी वेगळी शाळा सुरू केली.

रायन खटला जिंकला होता. पण न्यायालय फार तर शाळेचे दार उघडू शकते. शेजारच्या बाकावरच्या मुलाला बोलायला लावू शकत नाही. रायनला शाळेत वेगळे स्वच्छतागृह नेमून दिले होते. जेवणासाठी एकदा वापरून टाकून देण्याचे चमचे आणि ताटल्या त्याला दिल्या जात. खेळाच्या तासाला त्याला वगळले जाई. त्याच्या कपाटाची मोडतोड करण्यात आली, त्याच्या वह्यांवर अश्लील शब्द लिहिण्यात आले. तो लोकांना चावतो, दुकानातल्या भाज्यांवर थुंकतो, अशा कंड्या गावात पिकल्या. काही उपाहारगृहांत त्याने जेवलेली भांडी फेकून देण्यात आली. तो सायकलवरून घरोघरी वर्तमानपत्रे टाकण्याचे काम करी. अनेक घरांनी त्याच्याकडून वर्तमानपत्र घेणे बंद केले. प्रार्थनेनंतर शेजाऱ्याशी हस्तांदोलन करण्याची रीत चर्चमध्ये असते. तेथेही त्याच्यापुढे कोणी हात करेना. ज्या स्थानिक वर्तमानपत्राने त्याची बाजू घेतली, त्याच्या संपादकांनाही धमक्या आल्या.

आठवीचे सगळे वर्ष रायनने असेच काढले. एके दिवशी घरात कोणी नसताना त्यांच्या बैठकीच्या खोलीच्या खिडकीतून बंदुकीची गोळी आत आली. तेव्हा मात्र जीन यांनी कोकोमो सोडण्याचा निश्चय केला. १९८७ साली हे कुटुंब त्याच राज्यातील सिसेरो या गावी राहण्यास गेले.

सिसेरोच्या मुलांसाठी हॅमिल्टन हाइट्स माध्यमिक विद्यालय होते. रायन आपल्या शाळेत येणार हे कळताच तेथेही काही पालक अस्वस्थ झाले. त्या शाळेचे मुख्याध्यापक टोनी कुक यांनी मात्र वेगळा मार्ग स्वीकारला. रायन येण्यापूर्वीच त्यांनी एड्सविषयीची शास्त्रीय माहिती मिळवली, तज्ज्ञांना बोलावले, शिक्षकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या शंका ऐकून घेतल्या आणि त्यांची उत्तरे मिळतील अशी व्यवस्था केली. कोणाची शंका हास्यास्पद म्हणून टाळली गेली नाही. मुलांनी ही माहिती घरी नेली आणि आपल्या आई-वडिलांना समजावून सांगितली. विद्यार्थी प्रतिनिधींनी तर रायनला भेटून त्याच्याशी मैत्री करण्यात पुढाकार घेतला.

३१ ऑगस्ट १९८७ रोजी रायन या नव्या शाळेत दाखल झाला. मागील अनुभवांमुळे त्याच्या मनात धास्ती होती. पण दारातच मुख्याध्यापक, अधीक्षक आणि काही विद्यार्थी त्याची वाट पाहत उभे होते. त्यांनी पुढे होऊन त्याचा हात हातात घेतला. दोन वर्षे ज्या हाताला लोक भिऊन दूर सरत होते, त्या हाताला त्या सकाळी अनेक हात मिळाले. वर्गात त्याला कोणी वेगळे बसवले नाही. दुपारी तो सर्वांबरोबर जेवला.

कोकोमो आणि सिसेरो ही एकाच राज्यातील गावे. दोन्हीकडची माणसे सारखीच, त्यांचा धर्म एक, भाषा एक, आपल्या मुलांवरचे प्रेमही सारखेच. रायन तोच होता आणि त्याचा आजारही तोच होता. सिसेरोच्या लोकांनी मात्र घाबरण्यापूर्वी जाणून घेण्याचे कष्ट केले, आणि त्यासाठी त्यांच्या शाळेने त्यांना मदत केली. रायनच्या आयुष्यातून घेण्याजोगा सर्वांत मोठा धडा हाच आहे.

नव्या शाळेत रायन रमला. तो मोटार चालवायला शिकला, सामने आणि स्नेहसंमेलने यांना जाऊ लागला. परीक्षेत चांगले गुण मिळवून गुणवंत विद्यार्थ्यांच्या यादीत त्याने स्थान मिळवले. डॉक्टरांनी सांगितलेले सहा महिने केव्हाच मागे पडले होते. दरम्यान, त्याच्या खटल्यामुळे त्याचे नाव देशभर झाले होते. गायक एल्टन जॉन यांच्यासारख्या प्रसिद्ध व्यक्तींनी या कुटुंबाला मदत केली. पण रायनला प्रसिद्धीचे आकर्षण नव्हते. तिच्या बदल्यात आपला आजार नाहीसा होणार असता, तर तो ती आनंदाने सोडायला तयार होता.

३ मार्च १९८८ रोजी एड्सच्या साथीचा विचार करण्यासाठी राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगापुढे रायनने साक्ष दिली. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. कोकोमोत काय सोसावे लागले आणि सिसेरोत काय मिळाले, हे त्याने शांतपणे सांगितले. त्याच्या निवेदनात कोणाविषयी द्वेष नव्हता. लोक भीतीपोटी तसे वागले हे त्याला समजले होते, आणि योग्य शिक्षण मिळाल्यास ही भीती जाऊ शकते याचा तो स्वतःच साक्षीदार होता. त्यानंतर त्याने अनेक शाळांत जाऊन मुलांशी संवाद साधला. जानेवारी १९८९ मध्ये त्याच्या जीवनावरील चित्रपट दूरदर्शनवरून अमेरिकेतील घराघरांत पोहोचला.

या काळातील रायनची आणखी एक भूमिका विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. औषधातून बाधा झाल्यामुळे पुष्कळ लोक त्याचा उल्लेख निष्पाप बळी म्हणून करत. वरवर पाहता हे शब्द सहानुभूतीचे होते. पण एका रुग्णाला निष्पाप म्हटले की, दुसऱ्या मार्गाने बाधा झालेले रुग्ण पापी ठरतात. समलिंगी पुरुषांना आणि व्यसनाधीन लोकांना हा रोग म्हणजे त्यांच्या वर्तनाची शिक्षा आहे, असे त्या काळी उघडपणे बोलले जाई. रायनला आणि त्याच्या आईला हा भेद मान्य नव्हता. रोग कसा झाला यावरून माणसाची योग्यता ठरत नाही आणि प्रत्येक रुग्ण उपचाराचा व सन्मानाचा सारखाच अधिकारी आहे, अशी त्यांची धारणा होती. स्वतःच्या वाट्याला येणारी सहानुभूती इतरांच्या अपमानाच्या मोलाने घेण्यास त्यांनी नकार दिला. एवढ्या लहान वयात आलेली ही समज खरोखर दुर्मीळ होय.

१९९० च्या मार्च महिन्याच्या अखेरीस रायनला श्वसनमार्गाचा संसर्ग झाला आणि त्याला इंडियानापोलिस येथील मुलांच्या रुग्णालयात दाखल करण्यात आले. ८ एप्रिल १९९० रोजी त्याची प्राणज्योत मालवली. तो अठरा वर्षांचा होता. शालान्त पदवी हाती पडण्यास थोडाच अवधी उरला होता. ज्याला जेमतेम सहा महिन्यांची मुदत मिळाली होती, तो पाच वर्षांहून अधिक काळ जगला होता. त्याच्या अंत्यविधीला दीड हजारांहून अधिक लोक जमले. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बार्बरा बुश आणि गायक मायकेल जॅक्सन हेही त्यांत होते. शवपेटी वाहणाऱ्यांत एल्टन जॉन होते. रायनला सिसेरो येथेच चिरविश्रांती देण्यात आली. मात्र पुढील वर्षभरात त्याच्या थडग्याची चार वेळा विटंबना झाली. अज्ञानाची मुळे किती खोल गेलेली असतात, याची ही खूण होती.

तरीही त्याचे जीवन वाया गेले नाही. त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच, ऑगस्ट १९९० मध्ये, एच.आय.व्ही. बाधित गरजू रुग्णांच्या उपचारांसाठी अमेरिकेत एक मोठा कायदा झाला आणि त्याला रायन व्हाईटचे नाव देण्यात आले. या कायद्याचा लाभ पुढे लाखो रुग्णांना झाला. रायनसारखाच रोग कोणत्याही मार्गाने जडलेल्या रुग्णाला या कायद्याने मदत मिळू शकते. तेथे निष्पाप आणि दोषी असा भेद नाही. जीन व्हाईट यांनी मुलाच्या पश्चात एड्सविषयी लोकजागृतीचे कार्य चालू ठेवले. इंडियानापोलिसच्या मुलांच्या संग्रहालयात २००७ पासून रायनची खोली त्याच्या वस्तूंसह मांडून ठेवलेली आहे.

रायन न्यायालयात झगडत होता त्याच वर्षी, म्हणजे १९८६ साली, भारतातही एच.आय.व्ही.ची पहिली नोंद झाली. चेन्नईतील डॉ. सुनीती सोलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या तपासणीतून ती पुढे आली. माहेरच्या त्या गायतोंडे. चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. आपल्या देशातही त्यानंतर अनेक बाधितांना घर, नोकरी आणि शाळा यांना मुकावे लागले. १९९६ नंतर परिणामकारक औषधे एकत्रितपणे देण्याची पद्धत रूढ झाली आणि या रोगाचे स्वरूप पालटले. हा विषाणू शरीरातून समूळ घालवता येत नाही. परंतु नियमित औषधे घेणारा रुग्ण आता दीर्घ आयुष्य जगू शकतो. औषधांमुळे रक्तातील विषाणूंचे प्रमाण तपासणीत न सापडण्याइतके खाली आले आणि तसेच राहिले, तर लैंगिक संबंधांतून जोडीदाराला बाधा होत नाही, हेही सिद्ध झाले आहे. भारताच्या संसदेने २०१७ साली केलेल्या कायद्याने एच.आय.व्ही. बाधित व्यक्तीला शिक्षण, नोकरी, उपचार आणि निवास यांबाबत भेदभावाची वागणूक देण्यास मनाई केली. १० सप्टेंबर २०१८ पासून हा कायदा अमलात आला. त्यामुळे बाधित मुलाला शाळेत प्रवेश मिळणे हा आज त्याचा कायदेशीर हक्क आहे.

शाळेच्या दारापर्यंत कायदा पोहोचवतो. त्यापुढचे काम वर्गातल्या मुलांचे, त्यांच्या शिक्षकांचे आणि पालकांचे असते. रायन व्हाईटला आपल्या आजारातून मुक्ती मिळाली नाही. त्याने त्याची अपेक्षाही फार केली नव्हती. त्याने मागितली होती ती वर्गातली एक जागा आणि शेजारी बसणारे मित्र. हॅमिल्टन हाइट्सच्या मुलांनी त्याला ते दिले, आणि ते देताना त्यांना काहीही गमवावे लागले नाही.